सहा खुर्च्यांची सहा मापं: काढता येणाऱ्या कव्हरांच्या नोंदी

९ फेब्रुवारी २०२५, रविवार

आमचं घर सांगलीच्या गावभागात आहे. जेवणाच्या टेबलाच्या सहा सागवानी खुर्च्या आजोबांच्या वेळच्या. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली, तेव्हा या खुर्च्या आठवडाभर पाण्यात होत्या. लाकूड टिकलं. बैठकीवर आणि पाठीवर खिळ्यांनी ठोकलेला फोम आणि कापड मात्र टाकून द्यावं लागलं. फोम कितीही धुतला तरी दाबला की गाळ वर यायचा, वास जाता जाईना. सुतारमामांनी सगळे सांधे नव्यानं बसवून दिले, बैठकीवर प्लायवूड मारलं. तेव्हापासून वर नुसत्या पातळ गाद्या टाकून बसतोय.

म्हणून ठरवलं की आता ठोकून काहीही बसवायचं नाही. एरवी घरच्या बादलीत धुता यावं आणि पाणी वाढायची बातमी आली की हातोहात काढून माळ्यावर टाकता यावं, असं कव्हर शिवायचं. शिवणार मी, मशीन आत्याचं, जुनं काळं पायमशीन. आत्यानं तीस वर्षं ब्लाउज आणि परकर शिवले, खुर्चीची कव्हरं कधी नाही. मी त्याआधी फक्त अभ्रे आणि पडदे शिवलेले. एका शिंप्याकडे चौकशी केली होती. कापड आपलं आणि नुसती शिलाई एका खुर्चीला ७०० रुपये.

आज माप घेतलं. पाठीची रुंदी वर ४६ सेंमी, खाली बैठकीपाशी ४२. पाठीची उंची ५०, जाडी ४. बैठक पुढे ४६, मागे ४२, खोली ४४. गादी कव्हरच्या आत राहणार, त्यामुळे गादी ठेवूनच मापलं. बैठकीखाली १५ सेंमीची झालर. जमिनीपर्यंत झालर नको, झाडू मारताना अडकते आणि कापड दुप्पट लागतं.

हे माप एकाच खुर्चीचं घेतलं. बाकीच्या पाच तशाच असणार असं धरून चालले. ही या कामातली सगळ्यात मोठी चूक, ती पुढे येईलच.

११ फेब्रुवारी

कापड पेठेत चार दुकानं फिरले. सोफ्याचं म्हणून दाखवतात ते बहुतेक पॉलिस्टर, अंगाला गरम लागतं आणि तेलाचा डाग धरून बसतं. केसमेंट (साध्या विणीचं सुती कापड) आवडलं, पण हात लावला तर पातळ वाटलं. बसून-उठून महिन्याभरात गुडघे आलेल्या विजारीसारखं झालं असतं. शेवटी मॅटी घेतली. दोन उभे, दोन आडवे धागे मिळून विणलेलं जाड सुती कापड, इचलकरंजीच्या मागावरचं, न रंगवलेलं. पन्हा ५४ इंच. २१० रुपये मीटर.

एका खुर्चीला दीड मीटर, म्हणजे सहाला ९. वर २ मीटर चुकांसाठी. ११ मीटर घेतलं. दुकानदार स्वतःहून म्हणाले, “ताई, याला खळ आहे. आटणार. किती ते धुतल्यावरच कळेल.” या दोन मीटरनीच मला वाचवलं.

पायपिंगसाठी, म्हणजे शिवणीच्या कडेला लावायच्या दोरी भरलेल्या गोटासाठी, कुंकवासारखं तांबडं कापड दीड मीटर आणि ३० मीटर सुती दोरीही आणली.

१३ फेब्रुवारी

कापडातून ५० गुणिले ५० सेंमीचा चौकोन कापला, काठाच्या बाजूला खडूनं बाण काढला. गरम पाण्यात रात्रभर भिजवला, उन्हात वाळवला, किंचित दमट असताना इस्त्री केली. उभ्या धाग्यात ४७ भरला, आडव्यात ४९. म्हणजे लांबीत ६ टक्के, रुंदीत २. मागावर उभा धागा ताणून बसवलेला असतो, पाणी लागलं की तो ताण सुटतो, म्हणून लांबी जास्त आटते. न धुता शिवलं असतं तर ५० सेंमीची पाठ पहिल्याच धुण्यात ४७ झाली असती आणि कव्हर परत खुर्चीवर चढलंच नसतं.

तांबड्या कापडाचीही परीक्षा घेतली. ओल्या पांढऱ्या फडक्यानं घासलं, फडकं गुलाबी. तीनदा धुतलं, तिसऱ्यांदाही गुलाबी. कोऱ्या मॅटीला ते लावायचं धाडस नाही. १८० रुपये गेले.

१६ फेब्रुवारी

११ मीटर कापड एका बादलीत मावत नाही, हे करून बघितल्यावर कळलं. घडी घातलेल्या कापडात पाणी मधपर्यंत जात नाही आणि खळ तिथेच राहते. दोन तुकडे केले, मोठ्या टबात सुटं सोडून भिजवले. सकाळी पाणी पेजेसारखं झालेलं. तीन पाण्यांतून काढल्यावर पाणी स्वच्छ आलं. गच्चीत आडवी दोरी बांधून पूर्ण लांबीत वाळत घातलं. पिळलं नाही, मॅटीला पिळ्याच्या घड्या पडल्या की इस्त्रीनं हलत नाहीत.

इस्त्रीला अडीच तास. वाळल्यावर मोजलं, १० मीटर ३५ सेंमी.

१८ फेब्रुवारी

खऱ्या कापडाला कात्री लावण्याआधी मांजरपाटाचं, म्हणजे साध्या स्वस्त सुती कापडाचं, कव्हर शिवायचं, हे आत्यानं ठणकावून सांगितलं. “ब्लाउज बिघडला तर एक खण जातो. इथं सहा खुर्च्यांचं कापड आहे. आधी मांजरपाटावर कर की.” ४ मीटर मांजरपाट, ६५ रुपयांनी. तेही धुऊन घेतलं.

कागदावर आकृती काढत बसले नाही. मांजरपाटाचे तुकडे खुर्चीवरच उलट्या बाजूनं टाचले. पाठीला पुढून-मागून एकेक, बैठकीला एक, झालरीच्या पट्ट्या. टाचण्यांच्या रेषेवर खडू ओढला, काढून दीड सेंमी माया (शिलाईबाहेरचं जास्तीचं कापड) ठेवून कापलं, मोठ्या टाक्यांची कच्ची शिलाई मारली. तीन तासांत झालं. टेबलावर मापं मांडून बेतण्यापेक्षा खुर्चीवर टाचून बेतणं मला कितीतरी सोपं गेलं.

२० फेब्रुवारी

मांजरपाटाचं कव्हर वरून घालायला गेले, अर्ध्यात अडकलं. खुर्चीची पाठ वर ४६ आणि खाली ४२. कव्हर अंगाबरोबर शिवलेलं, म्हणजे त्याचं खालचं तोंड ४२ चं. त्यातून ४६ चा माथा जाणार कसा? माप घेताना हे दोन्ही आकडे मी स्वतःच्या हातानं लिहिले होते.

पाठीमागे मधोमध उघड ठेवणं भाग होतं. ती बंद कशानं करायची यावर दोन दिवस गेले. चेन दिसायला सुबक, पण तिच्या दातांत गाळ बसला की ती संपली. वेलक्रोला दोरे आणि केस चिकटतात, धुण्यात तो दुसऱ्या कापडाला ओरबाडतो. बटणं सहा खुर्च्यांना तीस लागली असती, तितकीच काजंही. शेवटी बंद, म्हणजे बांधायच्या नाड्या. त्याच कापडाचे, एका खुर्चीला तीन जोड्या, साध्या गाठीचे. ओल्या हातानं सुटतात, तुटला तर घरात पाच मिनिटांत नवा शिवता येतो.

उघडीच्या दोन्ही बाजू एकमेकींवर ६ सेंमी चढतील अशा ठेवल्या. पहिल्यांदा ३ ठेवल्या होत्या, तर बसल्यावर मागून खुर्चीचं लाकूड दिसत होतं.

२३ फेब्रुवारी

आज एकदम सहाही खुर्च्यांचं कापड बेतलं. मांजरपाट उसवून त्याचेच तुकडे बेत म्हणून वापरले. प्रत्येक तुकड्याच्या उलट्या बाजूला खडूनं उभ्या धाग्याचा बाण आणि ‘पाठ’, ‘बैठक’, ‘डावी झालर’ असं लिहिलं. मॅटीची उलट-सुलट बाजू सारखी दिसते, न लिहिता ठेवलं तर संध्याकाळी काहीच ओळखू येत नाही.

सकाळी नऊला बसले, दुपारी तीनला उठले. पाठीला रग लागली. कापड ९ मीटर १० सेंमी गेलं, सव्वा मीटर शिल्लक.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र, सुट्टी. एक नंबरचं कव्हर पूर्ण. पायपिंगला तांबड्याच्या ऐवजी उरलेल्या मांजरपाटाची उरेब (तिरकी कापलेली) पट्टी. मॅटीपेक्षा किंचित पिवळसर दिसते, कडा उठून येतात. तांबड्यापेक्षा हेच मला आता आवडतंय.

बैठक जिथे पाठीच्या दांड्यांना भिडते तो कोपरा अवघड आहे. तिथे माया तिरपी छेदल्याशिवाय कापड वळत नाही. डाव्या कोपऱ्यात कात्री शिलाईच्या दोन मिलिमीटर पुढे गेली. मागून बुकरमचा (अस्तराच्या ताठ कापडाचा) रुपयाएवढा तुकडा इस्त्रीनं चिकटवला आणि वरून बारीक टीप मारली. टिकलंय. पुढच्या कोपऱ्यांना आधी छेदाच्या टोकाशी आखूड टाके मारून घेतले, मग छेद दिला.

१ मार्च

दोन नंबरचं कव्हर सैल झालं. ते बाजूनं आत घेतलं, अर्ध्या तासात काम झालं. चार नंबरचं मात्र चढेच ना. बंद पूर्ण सोडले, ओढलं, खांद्यापाशी शिलाई कुरकुरली तेव्हा थांबले.

टेप घेऊन सहाही खुर्च्या मोजायला बसले, हे नऊ फेब्रुवारीलाच करायला हवं होतं. पाठीची वरची रुंदी: एक नंबर ४६, दोन नंबर ४५.३, तीन आणि पाच ४६, सहा ४६.२ आणि चार नंबर ४७.५. मूळच्या या एका हातच्या, एका मापाच्या खुर्च्या असणार. पण त्या आठवडाभर पाण्यात फुगल्या, मग वाळल्या, मग सांधे उकलून परत बसवले गेले. चार नंबरच्या मागच्या दोन्ही दांड्या तेव्हाच थोड्या फाकलेल्या राहिल्यात. पाच वर्षांहून जास्त रोज तिच्यावर बसतोय, डोळ्यांना कधी दिसलं नाही.

खूप वाईट वाटलं. कापड धुतलं, मांजरपाटावर करून बघितलं, आणि साधं मोजायचं राहिलं. आज मशीनला हात लावला नाही.

३ मार्च

चार नंबरचा उपाय. माया सोडून बघितली, पण माया दीड सेंमीच. ती सोडली तर पायपिंगला धरायला काही उरत नाही. नवी पाठ बेतायची तर शिल्लक सव्वा मीटर तिथेच गेलं असतं आणि सहा नंबरचं काही बिघडलं तर हातात काही नाही. मग पाठीच्या दोन्ही बाजू उसवून मांजरपाटाची एकेक उभी पट्टी घातली, शिवल्यावर प्रत्येकी दीड सेंमी दिसेल अशी. दोन्ही मिळून ३ सेंमी वाढले. हवं होतं त्याहून जास्त, ते बैठकीपाशी निमुळतं करून जिरवलं. आता चार नंबरला दोन पिवळसर रेघा आहेत. आत्या म्हणाली, सगळ्यांनाच घाल, मुद्दाम केल्यासारखं दिसेल. नाही घातल्या. ती खुर्ची वेगळी आहे, कव्हरही वेगळं असू दे.

यापुढे खुर्च्यांना बैठकीच्या खालून खडूनं नंबर घातले आणि प्रत्येक कव्हरच्या आत दोऱ्यानं तोच नंबर भरला. एकाचं कव्हर दुसऱ्याला बसत नाही.

५ मार्च

झालरीच्या कोपऱ्यात मॅटीचे चार पदर, पायपिंगचे दोन आणि मधे दोरी. १६ नंबरची सुई तिथे टाके सोडत होती, पाच नंबरच्या खुर्चीला ती मोडली आणि टोक कापडात राहिलं. चुंबक फिरवून काढलं. न काढता सोडू नका, कोणीतरी त्याच्यावर बसणार आहे.

त्यानंतर तीन गोष्टी केल्या. १८ नंबरची सुई घातली. कोपरा आला की पायानं चालवणं बंद, हातानं चाक फिरवत एकेक टाका. आणि शिवण्याआधी कोपऱ्यावर जुनं फडकं ठेवून खलबत्त्याच्या बत्त्यानं आठ-दहा ठोके. हे आत्याचं. जाड पदर दबून जवळजवळ निम्मा होतो आणि सुई सरळ उतरते. आधी मला वाटलं धागे तुटतील. भिंगातून बघितलं, एकही तुटला नव्हता.

८ मार्च

एक आणि दोन नंबर धुतले. बाकीची पूर्ण करायच्या आधी दोन तरी धुऊन बघ, हेही आत्याचंच म्हणणं. वाळल्यावर बैठकीच्या चारही कडांना परकराची नाडी ओढल्यासारख्या चुण्या.

कापड आटलं नव्हतं, मोजलं. आटली होती आतली दोरी. ११ मीटर मॅटी धुतली, मांजरपाट धुतलं आणि दोरीला पाणी दाखवायचं सुचलंच नाही. उरलेल्यातली एक मीटर दोरी कापून उकळत्या पाण्यात टाकली, वाळल्यावर ९३ सेंमी.

उरलेली दोरी उशीच्या अभ्र्यात घालून तोंड बांधलं आणि पातेल्यात उकळली. अभ्र्यात न घालता उकळली तर गुंता सोडवण्यात दिवस जाईल. ९ आणि १० मार्चला दोन्ही कव्हरांचं पायपिंग उसवून परत शिवलं, जुनी दोरी आता आटून झालेली, तीच वापरली. चार आणि पाचलाही तेव्हा न उकळलेलीच दोरी घातली होती. तीही उसवली. एकूण अकरा तास.

१३ मार्च

होळी. पुरणपोळीला सगळे घरी, एक आणि दोन नंबरवर कव्हर घालूनच पानं घेतली. धाकट्या भाच्यानं कटाची आमटी दोन नंबरवर सांडली. हळद, तेल, मसाला, सगळं बैठकीच्या मधोमध.

मी घाईनं साबण लावला आणि डाग तांबडा झाला. घाबरू नये, साबणाच्या क्षारानं हळद लाल होते, साध्या पाण्यात खळबळलं की परत पिवळी येते. तेलासाठी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणानं चोळलं, पिवळं राहिलं ते उन्हात टाकलं. सांगलीचं मार्चचं ऊन; दोन दिवसांत हळद उडाली. हळद उन्हाला टिकत नाही. कापड न रंगवलेलं असल्यामुळे इतक्या कडक उन्हात टाकायची भीती नव्हती, रंगीत असतं तर डागासोबत कापडही विटलं असतं. धण्याजिऱ्याची एक तपकिरी कडा मात्र अजून दिसते.

१९ मार्च

रंगपंचमी. सकाळी सगळी कव्हरं काढली, पाच तयार होती. घड्याळ लावून काढली. एकटीनं पाच खुर्च्या, सहा मिनिटं. घालायला मात्र पंचवीस. घालताना आधी पाठ पूर्ण खाली ओढायची, मग बैठकीचे पुढचे कोपरे, शेवटी मागचे बंद. मी आधी बंद बांधत होते, मग कोपरे बसत नव्हते.

२३ मार्च

सहा नंबर झालं. ते एकच पहिल्या फटक्यात बसलं.

हिशेब: मॅटी २३१०, मांजरपाट २६०, वाया गेलेलं तांबडं कापड १८०, दोरी १५०, दोऱ्याची चार रिळं १४०, सुया ८०. एकूण ३१२० रुपये, खुर्चीमागे ५२०. तांबडं कापड आत्यानं घेतलंय, पिशव्या शिवणार आहे.

वेळ मी लिहून ठेवत होते, एकूण ६१ तास. त्यातले २० तरी उसवण्यात आणि परत शिवण्यात गेले. पहिल्या खुर्चीला नऊ तास लागले, शेवटच्या खुर्चीला साडेचार. नवीन करणाऱ्यानं दोन दिवसांत सहा होतील असं धरू नये.

८ जून

मृग लागला. गाद्या आणि कव्हरं कशी न्यायची ते आज करून बघितलं. प्रत्येक कव्हरात त्याचीच गादी गुंडाळून त्याच्याच बंदांनी बांधली, सहा गठ्ठे. नंबर बाहेर दिसेल अशी घडी. दोन फेऱ्यांत माळ्यावर गेले. खुर्च्या वर न्यायला दोघं लागतात, तो प्रश्न कव्हरांनी सुटत नाही. पण ओलं कापड आणि फोम सोबत वाहायचा नाही, नुसतं लाकूड उचलायचं.

अडीच महिन्यांच्या वापरानंतर: बैठकीचं कापड मधे किंचित ढिलं पडतं, धुतलं की परत बसतं. पायपिंग सरळ आहे. तीन नंबरच्या झालरीची पुढची कड पायांनी मळते, ती खालून दुमडून दुहेरी करायला हवी होती. सहा नंबरचा मधला बंद मुळापासून उसवलाय. तिथे मी एकच टीप मारली होती, बाकीच्या ठिकाणी चौकोन मारून मधे फुली आहे. तो उद्या शिवते.